पक्ष, साध्य, रचना, सिद्धता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘एआय आणि आपलं भविष्य’ असा विषय दिला होता. गेली बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण मी विनंती करून विषय बदलून घेतला. त्याचं कारण सांगते. गेल्या वर्षभरात आपल्या बॅचमधल्या पाच जणींनी आणि दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला. ‘मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात कस्टमर सर्व्हिसची जागा आहे. मुलाखतीला बोलावलंय. काय विचारतात गं? तयारी काय करायची?’

हा प्रश्न कुणीही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारला नाही. सगळ्यांनी खासगीत विचारला, आणि बहुतेकांनी शेवटी ‘कुणाला बोलू नकोस’ असंही लिहिलं. पंचेचाळिशीत नोकरी शोधायची, तीही दुकानात, याचा संकोच. कुणाच्या घरातली एक नोकरी गेली आहे, कुणाच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, कुणाला घरकर्जाचे हप्ते पुरे होईनात. यात लपवण्यासारखं काय आहे? म्हणून आज नावं न घेता, पण उघडपणे बोलायचं ठरवलं. ज्यांची उदाहरणं देणार आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

मी स्वतः दुकानात कधी काम केलेलं नाही. पण दहा वर्षं आमच्या कंपनीत मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. आमच्याकडे ज्या पद्धतीने मुलाखत घेतात, तीच पद्धत आज मोठ्या दुकानांतही आहे. तिला क्षमताधिष्ठित मुलाखत म्हणतात. ‘किमान अध्ययन क्षमता’च्या काळात आपल्या बाईंनी हा शब्द पुष्कळ ऐकला आहे, त्यामुळे त्यांना तो नवा वाटणार नाही.

आधी ही पद्धत आपल्या दारात कशी आली ते सांगते. आपण मुलुंडची मुलं. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांचे भोंगे ऐकत मोठे झालो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे बाबा भांडुप-मुलुंडच्या त्या पट्ट्यात कामाला होते. तेव्हा दुकानातली नोकरी म्हणजे ओळखीची नोकरी. वाण्याच्या गल्ल्यावर त्याचा पुतण्या, कापडाच्या दुकानात मालकाच्या गावचा मुलगा. मुलाखत वगैरे काही नसायचं. मालक माणूस बघायचा आणि ‘सोमवारपासून ये’ म्हणायचा.

१९९१ साली, आपण सहावीत असताना, अंधेरीला शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं. २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान आलं. २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट मॉल सुरू झाला. मग आपल्या बाजूलाही घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मॉल आले, आणि एलबीएस रोडवरच्या कारखान्यांच्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका मालकाचं एकच दुकान असेल तर त्याने मर्जीने माणसं ठेवली तरी चालतं. पण एकाच कंपनीची दुकानं मुलुंड, बोरिवली आणि नागपूरला असतील, तर तिन्हीकडच्या ग्राहकाला सारखी वागणूक मिळायला हवी. त्यासाठी माणसं निवडण्याची मोजपट्टी तिन्हीकडे एकच लागते.

ही मोजपट्टी दुकानदारांनी शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन फ्लॅनॅगन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करत होते. ‘चांगला वैमानिक कसा असतो’ असं विचारलं की गुळगुळीत उत्तरं येतात. त्याऐवजी ‘नेमका कोणता प्रसंग घडला आणि त्यात कुणी काय केलं’ असं विचारून त्यांच्या गटाने माहिती गोळा केली. १९५४ मध्ये फ्लॅनॅगन यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे १९७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी एका गाजलेल्या लेखात म्हटलं, की परीक्षेतले गुण आणि बुद्ध्यंक बघून माणूस कामात कसा निघेल ते कळत नाही, त्या कामाला लागणाऱ्या क्षमता तपासा. आपल्याकडे २०१३च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट जाहीर केली. किरकोळ विक्रीच्या क्षेत्रासाठी रास्की नावाचं कौशल्य मंडळ आहे. दुकानातल्या विक्री सहायकाला काय काय करता आलं पाहिजे, याची लेखी यादी या मंडळाने केली आहे. ग्राहकाला योग्य वस्तू निवडायला मदत करणं, त्याच्या तक्रारीचं निवारण करणं, सहकाऱ्यांबरोबर नीट काम करणं, अशा गोष्टी त्यात आहेत. ही यादी कुणालाही वाचायला मिळते. मुलाखतीआधी ती जरूर वाचा. पेपर फुटल्यासारखंच आहे ते, फक्त कायदेशीर.

आता प्रत्यक्ष मुलाखत. जुन्या पद्धतीत विचारायचे, ‘तुम्हाला लवकर राग येतो का?’ आपण म्हणायचो, ‘नाही सर, मी शांत स्वभावाची आहे.’ यातून कुणालाच काही कळत नाही. राग येणारासुद्धा हेच म्हणतो. नव्या पद्धतीत विचारतात, ‘समोरचा माणूस तुमच्यावर चिडला होता असा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत? पुढे काय झालं?’ मतं, स्वभाव, आवडीनिवडी यांत त्यांना रस नसतो. पूर्वी तुम्ही कसे वागलात, त्यावरून उद्या कसे वागाल याचा ते अंदाज बांधतात.

आमच्या धंद्यातही हेच आहे. ‘ॲप चालत नाही’ एवढीच तक्रार आली तर आम्हाला काहीही करता येत नाही. कोणत्या फोनवर, काय दाबलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं लिहिलं असेल तर आम्ही पाच मिनिटांत कामाला लागतो. मुलाखत घेणाराही तसाच मोघम उत्तरापुढे अडकून बसतो.

नेमकं उत्तर कसं द्यायचं यासाठी इंग्रजी पुस्तकांत ‘स्टार’ नावाचा साचा आहे. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. माझ्या एका मैत्रिणीने ते चार शब्द हातावर लिहून पाठ करायला घेतले होते. मी तिला म्हटलं, ‘अगं, हे पाठ कशाला करतेस? नववी-दहावीत भूमितीच्या वहीत रोज हेच लिहीत होतीस.’

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता.

पक्ष म्हणजे दिलेली माहिती. प्रसंग कुठला, कधीचा, कोण कोण होतं. दोन वाक्यांत संपवायचं. साध्य म्हणजे त्या वेळी तुमच्यावर काय जबाबदारी होती, काय करून दाखवायचं होतं. एक वाक्य. रचना म्हणजे आकृतीत आधी नसलेली आणि तुम्ही काढलेली रेघ. तिथे तुम्ही काय केलंत ते. तुमच्या बोलण्याचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा. आणि सिद्धता म्हणजे शेवटी काय झालं, ते कशावरून.

आणखी एक आठवा. सिद्धतेतल्या प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहावं लागायचं. ते राहिलं तर सर अर्धा गुण कापायचे, मग उत्तर बरोबर का असेना. मुलाखतीतही ‘असं का केलंत?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा प्रत्येक कृतीचं कारण तयार ठेवा.

आता त्याच मैत्रिणीची गोष्ट. ती आज इथे बसली आहे. लग्नाआधी तीन वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होती, त्यानंतर अठरा वर्षं घरी. नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि तिने दुकानातल्या सर्व्हिस डेस्कच्या जागेसाठी अर्ज केला. अर्जात ‘ग्राहकसेवेचा अनुभव’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, ‘निरंक’.

मी तिला विचारलं, ‘इमारतीतल्या ग्राहक संघाचं काम तू किती वर्षं बघतेस?’

‘अकरा. पण ती काय नोकरी आहे का?’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवतात आणि माल आला की आपसात वाटप करतात. याद्या, हिशेब, मोजणी, वाटप, सगळं सभासदच करतात. उपनगरांतल्या असंख्य घरांतल्या बायकांनी पन्नास वर्षं हे काम केलं, आणि त्यातल्या बहुतेकींनी आपल्या बायोडेटात त्याचा एका ओळीचाही उल्लेख केला नसेल.

मी तिला म्हटलं, ‘वाटपाच्या वेळी कुणी तुझ्यावर चिडलं होतं का कधी?’

ती म्हणाली, ‘चिडायचे की. काही नाही गं, कधी पिशव्या इकडच्या तिकडे व्हायच्या, मग आम्ही बघून द्यायचो.’

एवढंच. अकरा वर्षांचं काम तिने एका वाक्यात उडवून लावलं. मग मी तासभर तिला खोदून खोदून विचारलं. नेमकी कुठली वेळ? कोण चिडलं? काय म्हणालं? तू आधी काय केलंस? ‘बघून दिलं’ म्हणजे काय केलंस? त्यातून जे निघालं ते तिच्याच शब्दांत सांगते. मुलाखतीत तिने हेच सांगितलं.

‘दिवाळीच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या संघात बारा घरं आहेत आणि त्या महिन्यात माल नेहमीच्या दुप्पट होता. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की त्यांचा दोन किलो रवा कुणीतरी ठेवून घेतलाय. वाटपाची जबाबदारी माझी होती. आजींना त्यांचा रवा मिळायला हवा होता, आणि बारा घरांत एकमेकांबद्दल संशयही राहायला नको होता. मी आधी त्यांचं पूर्ण बोलणं होऊ दिलं, त्यांना बसायला खुर्ची दिली. मग त्यांच्यासमोरच मागणीची यादी काढली. त्यांचा दोन किलो रवा नोंदलेला होता, म्हणजे त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मी त्यांना लगेच सांगितलं. आलेला माल आणि वाटलेला माल यांची बेरीज केली. ती जुळली, म्हणजे रवा कुणाच्या तरी पिशवीत गेला होता. ग्रुपवर विचारलं असतं तर चोरी पकडल्यासारखं झालं असतं, म्हणून मी ज्या तीन घरांची मागणी मोठी होती तिथे स्वतः गेले आणि “माझ्याकडून पिशव्या भरताना काही जास्त आलंय का, जरा बघता का” असं विचारलं. दुसऱ्या घरी रवा मिळाला. तासाभरात तो आजींकडे पोचवला. पुढच्या महिन्यापासून मी पद्धत बदलली. एकीने यादी वाचायची, दुसरीने पिशवीत टाकून खूण करायची. त्यानंतर चार वर्षांत आमच्याकडे पिशव्यांची अदलाबदल झालेली नाही.’

घड्याळ लावून बघा, दोन मिनिटं लागतात. पण त्यात किती काय आलं! रागावलेल्या माणसाचं ऐकून घेतलं, कागद काढून खातरजमा केली, कुणाचा अपमान होऊ दिला नाही, काम वेळेत पुरं केलं आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून व्यवस्था बदलली. सर्व्हिस डेस्कवर दिवसभर हेच करायचं असतं. ज्या रकान्यात तिने ‘निरंक’ लिहिलं होतं, त्यात हे सगळं मावत होतं.

आता तिच्या पहिल्या वाक्याकडे परत या. ‘आम्ही बघून द्यायचो.’ यात ‘मी’ कुठेच नाही. मला आज मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपल्याला घरी शिकवलंय की स्वतःची टिमकी वाजवू नये. शिकवण चांगलीच आहे. पण तिचा परिणाम असा झाला, की केलेलं काम सांगतानाही आपण ‘आम्ही’च्या मागे लपतो, ‘त्यात काय एवढं’ म्हणतो. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात एक कागद असतो आणि त्यावर प्रत्येक क्षमतेपुढे गुण भरायचे असतात. ‘आम्ही बघून द्यायचो’ यावर त्याला शून्य भरावं लागतं, कारण तुम्ही काय केलं ते त्याला कळलेलंच नसतं.

स्तुती आणि माहिती यांत फरक आहे. ‘मी फार समजूतदार आहे’ ही स्तुती. ‘मी यादी काढली, बेरीज केली आणि तीन घरी गेले’ ही माहिती. स्तुती करायला तुमची जीभ अडखळत असेल तर खुशाल अडखळू दे, तिची तिथे गरजच नाही. माहिती मात्र मान वर करून सांगा. आणि जे दुसऱ्याने केलं ते त्याच्याच नावावर सांगा. ‘हिशेब शेजारच्या ताईंनी केला, वाटप मी केलं’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो.

दुसरं उदाहरण आपल्या बॅचमधल्या एका मित्राचं. एकोणीस वर्षं तो कारखान्यात तपासनीस होता. कारखाना बंद झाला. तो म्हणाला, ‘माझा आयुष्यात ग्राहकाशी संबंधच आला नाही.’ बोलता बोलता निघालं, की एकदा तयार मालाच्या एका लॉटमध्ये दोष सापडला म्हणून त्याने तो अडवला होता. माल न्यायला आलेला माणूस गाडी घेऊन दारात उभा, तावातावाने बोलत होता. याने त्याला आत नेलं, दोष असलेला नग त्याच्या हातात दिला, मोजमाप दाखवलं, दुसऱ्या दिवशी किती वाजता चांगला माल मिळेल ते सांगितलं आणि ती वेळ पाळली. दुकानांच्या मुलाखतीत एक प्रश्न फार विचारतात : ‘नियमामुळे कुणाला नाही म्हणावं लागलं असा प्रसंग सांगा.’ याच्याकडे त्याचं उत्तर एकोणीस वर्षांच्या कामात पडून होतं.

तेव्हा तयारी अशी करा. एक वही घ्या आणि सहा प्रसंग लिहून काढा. एक, रागावलेल्या माणसाला शांत केल्याचा. दोन, नियम सांभाळून नाही म्हटल्याचा. तीन, चार जणांबरोबर मिळून काम पुरं केल्याचा. चार, पैसे, माल किंवा हिशेब यांत काटेकोर राहिल्याचा. पाच, नवी गोष्ट लवकर शिकल्याचा, मग ते संगणकावरचं बिल असो की यूपीआय. सहा, कुणी न सांगता पुढे होऊन कुणाची अडचण सोडवल्याचा. प्रसंग घरातले, सोसायटीतले, गणेशोत्सव मंडळातले, आईवडिलांच्या आजारपणातले, कुठलेही चालतील. सहा पक्के असले की प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी त्यातला एखादा लागू पडतो.

लिहून झालं की मोठ्याने बोलून बघा. मनात वाचू नका, मनात सगळं छानच वाटतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ज्याला तो प्रसंग माहीत नाही अशा माणसाला सांगा. नवऱ्याला किंवा बायकोला सांगू नका, ती व्यक्ती मधेच ‘असं नव्हतंच मुळी’ म्हणून वाद काढते. आणि पाठांतर नको. आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं सलग म्हणू लागलात तर मधे प्रश्न आला की गाडी रुळावरून उतरते.

खोटा प्रसंग तर अजिबात रचू नका. मुलाखत घेणारी म्हणून सांगते. खऱ्या प्रसंगाबद्दल तिसरा-चौथा प्रश्न विचारला तर माणूस आणखी खोलात जातो. रचलेल्या प्रसंगात तिसऱ्या प्रश्नाला भिंत लागते. ‘तेव्हा तिथे आणखी कोण होतं?’ एवढा साधा प्रश्नही पुरतो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या दुकानात ग्राहक म्हणून जा. सर्व्हिस डेस्कच्या बाजूला दहा मिनिटं उभ्या राहा. लोक कशासाठी येतात? कपडा बदलून हवाय पण बिल हरवलंय. रॅकवर एक किंमत आणि बिलात दुसरी. फोनवरून पैसे गेले पण काउंटरला पोचले नाहीत. लॉयल्टी कार्डावरचे पॉइंट दिसत नाहीत. बदलून देण्याच्या नियमांचा फलक लावलेला असतो, तो वाचा.

जरा कायदाही माहीत असू द्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपण लहानपणापासून वाचली. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. रंग आवडला नाही म्हणून परत करणं वेगळं आणि शिवण उसवलेली निघाली म्हणून परत करणं वेगळं. हा फरक ज्याला समजतो, तो ‘पॉलिसी नाही’ असं म्हणून मोकळा होत नाही आणि ग्राहकाला भलती आश्वासनंही देत नाही.

भाषेची भीती सातही जणांनी बोलून दाखवली. ‘आपण मराठी माध्यमाचे, इंग्रजीत अडलो तर?’ यावर माझं सांगणं एवढंच, की आधीच विचारा, मुलाखत कोणत्या भाषेत द्यायची. अनेक ठिकाणी हिंदी चालते, काही ठिकाणी मराठीही. बिल, एक्सचेंज, रिफंड, क्रेडिट नोट, वॉरंटी हे रोजचे शब्द येत असले की बरंच काम भागतं. इंग्रजी वाढवायला हवं हे खरंच, पण हातात आहे तेही मोजा. मुलुंड-घाटकोपरच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक मराठी बोलतं, गुजराती बोलतं, हिंदी बोलतं. चाळीत शेजारच्या बेनकडून गुजराती उचललेल्या कितीतरी जणी इथे बसल्या आहेत. अर्जात ‘भाषा’ असा रकाना असतो, त्यात ती लिहा. एखाद्या काकींना त्यांच्या भाषेत ‘बसा, बघते’ म्हणता येणं ही या कामातली मोठी क्षमता आहे.

शेवटी ते विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा संकोचाने ‘नाही’ म्हणू नका. शिफ्ट किती वाजता सुटते, साप्ताहिक सुट्टी कधी, हे विचारा. शनिवार-रविवार आणि सणासुदीला सुट्टी मिळणार नाही, हे घरी आधीच बोलून ठेवा. दिवसभर उभं राहावं लागतं का, मधे बसायची सोय आहे का, हेही विचारा. आपल्या वयाच्या गुडघ्यांसाठी हा प्रश्न लहान नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. तिथे बायकांनी तो प्रश्न लावून धरला म्हणून ते झालं. आपल्या राज्यातल्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. मॉल रात्री उशिरापर्यंत चालू असतो, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात कसलाही उर्मटपणा नाही.

तयारी केली की नोकरी मिळतेच, असं मी म्हणणार नाही. रव्याचा प्रसंग सांगणाऱ्या आपल्या मैत्रिणीला पहिल्या दुकानाने घेतलं नाही. तिथे दुकानाचा अनुभव असलेली पंचविशीतली मुलगी निवडली गेली. वयाचा अडसर खरा आहे, आणि तो नुसत्या चांगल्या उत्तरांनी पुसला जात नाही. दुसऱ्या ठिकाणी तिची निवड झाली. आज तिला तिथे आठ महिने झाले. पगार फार मोठा नाही, पण घराचा हप्ता त्यातून जातो. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मॅनेजरने नव्या मुलींना शिकवायला तिला उभं केलं. मित्राची अजून दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. पण मला वाटतं, नोकरीच्या आधीच या दोघांना एक गोष्ट मिळाली होती. वहीतली सहा पानं भरल्यावर तो मला म्हणाला, ‘मला वाटत होतं कारखाना बंद झाला तेव्हा माझं सगळंच संपलं. पण हे सगळं तर माझ्यापाशीच आहे.’

आता एक प्रस्ताव. आपल्या बॅचमधले आम्ही आठ जण आपापल्या कचेऱ्यांत मुलाखती घेतो. बँकेतले दोघे आहेत, एक हॉटेलात आहे, एक रुग्णालयाच्या प्रशासनात आहे. आम्ही ठरवलंय, की जूनपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार ते सहा शाळेतच सरावाच्या मुलाखती घ्यायच्या. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गखोली द्यायचं कबूल केलं आहे. आपल्या बॅचसाठी, इतर बॅचसाठी, आपल्या मुलांसाठी, शाळेतल्या सेवकवर्गाच्या घरच्यांसाठीही. फी नाही. येताना बायोडेटा नसला तरी चालेल, सहा प्रसंगांची वही मात्र हवी.

आणि आपल्या शिक्षकांना एक विनंती. ज्यांनी आम्हाला प्रत्येक पायरीपुढे कारण लिहायला लावलं, त्यांनी जमेल तेव्हा त्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावं. कुणी ‘आम्ही करायचो’ असं म्हणालं, की तिथूनच विचारावं, ‘तू काय केलंस ते सांग.’